समुद्र नसलेल्यांचा धागा: युद्धात जहाजं बुडवून तुंबवलेलं बंदर मोकळं कसं करतात?

पांदणरस्ता
राम राम मंडळी. आर्वीकडचा माणूस समुद्रावर धागा काढतो म्हणून आधी हसून घ्या.

पेरण्या आटोपल्या, पावसानं दडी मारली, त्यामुळे पारावर सध्या विषयांना तोटा नाही. परवा गाडी सोयाबीनच्या भावावरून डिझेलवर आणि डिझेलवरून सुएझवर गेली. आमचे एक काका म्हणाले, युद्धात जहाजं बुडवून तो अख्खा कालवा बंद केला होता. झालं, तिथंच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे मोठ्या क्रेननं उचलत असतील, दुसरी म्हणे बारूद लावून उडवत असतील.

माझा प्रश्न असा: हरणारा बंदर सोडून जाताना आत जहाजं बुडवतो, धक्के फोडतो, पाण्यात सुरुंग पेरतो. मग जिंकणारा आत आल्यावर पहिला हात कशाला घालतो? माझं मत विचाराल तर जहाजं वाचवण्याच्या भानगडीत कोणी पडत नसावं. एक गल्ली मोकळी केली की भागलं. जाणकारांनी बोलावं.

तर्रीबाज
लोणारच्या सरोवरात जहाज बुडालं का राजेहो? काहून जीव खाऊन रायले समुद्राचा!

मास्तर_दिग्रस
तुमचे काका बरोबर आहेत, पण कालवा दोनदा बंद पडला आणि पारावर त्या दोन्हींची भेळ होते.

पहिल्यांदा १९५६ मध्ये. इजिप्तचा अध्यक्ष नासेर, त्यानं कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सनं हल्ला केला, तेव्हा इजिप्तनं स्वतःच कालव्यात जहाजं बुडवली. ती काढायचं काम संयुक्त राष्ट्रांनी हाती घेतलं. प्रमुख होते रेमंड व्हीलर नावाचे निवृत्त अमेरिकन जनरल, आणि प्रत्यक्ष काम मुख्यतः डच आणि डॅनिश कंपन्यांचं. एप्रिल १९५७ मध्ये कालवा सुरूही झाला.

दुसऱ्यांदा जून १९६७ च्या युद्धात बंद झाला तो थेट ५ जून १९७५ ला उघडला. जहाजं काढायला आठ वर्षं लागली नाहीत बरं का. दोन सैन्यं दोन काठांवर बसून होती, सफाई करणार कोण? ती १९७४ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात कालव्याच्या वाटेतल्या ग्रेट बिटर लेक या सरोवरात १४ जहाजं अडकून पडली होती. वाळवंटाची धूळ बसून बसून पिवळी पडली म्हणून त्यांना ‘यलो फ्लीट’ म्हणत. खलाशांनी वेळ घालवायला स्वतःची टपाल तिकिटंसुद्धा काढली.

तर्रीबाज
आठ वर्सं? आमच्या पांदणरस्त्यापेक्षा लवकरच झालं म्हना की. (धागाकर्त्यानं मनाले लावून घेऊ नये.)

खारं_पाणी
नौदलात इंजिन रूममध्ये नोकरी झाली, आता दर्यापूरजवळ शेती बघतो. पाणबुड्या नव्हतो, त्यामुळे पाण्याखालचं जे सांगतो ते वाचलेलं आणि वरिष्ठांकडून ऐकलेलं आहे.

क्रेनवाल्या पार्टीला आधी सांगा की पाच-सात हजार टनांचं मालवाहू जहाज उचलेल अशी क्रेन त्या काळात नव्हतीच. जहाज वरून ओढून काढायचं नसतं, त्याच्याच पोटातलं पाणी बाहेर काढून त्याला स्वतः तरंगायला लावायचं असतं. भोक लहान असेल, डेक पाण्याच्या वर किंवा जवळपास असेल, तर पाणबुडे खाली जाऊन लाकडाचं किंवा लोखंडाचं ठिगळ मारतात, सिमेंट ओततात आणि मोठे पंप लावून उपसतात.

पण उपसतानाच घात होतो. पोट पूर्ण भरलेलं असतं तोवर पाणी गप्प असतं. अर्धं झालं की ते मोकळं होतं. जहाज जरा कलंडलं की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं, मग आणखी कलंडतं, आणि बघता बघता आडवं. न्यूयॉर्कला फेब्रुवारी १९४२ मध्ये नॉर्मंडी या अजस्र प्रवासी जहाजाचं हेच झालं. सैन्यासाठी बदल चालू होते, कटिंगच्या ठिणगीनं लाइफ जॅकेटच्या ढिगाला आग लागली. बंबांनी वरच्या मजल्यांवर इतकं पाणी मारलं की आग आटोक्यात आली आणि जहाज त्या पाण्याच्या भारानं धक्क्यालाच आडवं झालं. पुढं वर्षभराहून जास्त खपून ते सरळ केलं, पण परत कधी समुद्रावर गेलं नाही. भंगारात निघालं.

दुसरी पद्धत हवेची. भोक तळाला असेल तर ते बुजवायचीच गरज नाही. वरून सगळं हवाबंद करायचं आणि कॉम्प्रेसरनं हवा दाबायची. बादली उपडी धरून टाक्यात दाबून बघा, खालून उघडी असली तरी हात वर फेकला जातो. तेच. १९४२ मध्ये मसावाला एल्सबर्ग नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्यानं इटालियनांनी बुडवलेली तरंगती गोदी (जहाजं दुरुस्तीला वर उचलून धरते ती) अशीच वर आणली. ब्रिटिशांनी ती पाहून हात टेकले होते.

वैनगंगाकाठ
मसावा म्हणजे एरिट्रियातलं ना? ते एप्रिल १९४१ मध्ये घेतलं त्यात आपल्या चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनचा मोठा वाटा. त्याआधी केरेनच्या डोंगरातली लढाई झाली, तिथं मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. आपल्या माणसांनी रक्त सांडून बंदर घेतलं आणि आत बघतात तर इटालियनांनी जहाजांच्या रांगाच्या रांगा तोंडाशी बुडवून ठेवलेल्या.

कॉम्प्रेसर म्हणजे आपले विहीर खोदायचे असतात तसलेच का?

खारं_पाणी
जात तीच. मसावाला तर पुरेसे नव्हतेच, मागून-सागून जमवले. माणसंही कमी. आणि ऊन असं की लोखंडाला हात लावला तर कातडी सोलून निघावी.

तर्रीबाज
चंद्रपूरचे पोट्टे पाठवाले पायजे होते. मे महिन्यात स्वेटर घालून काम केलं असतं.

जिनप्रेस
मूळ प्रश्नापासून जरा बाजूला जातो, पण बंदर मोकळं करायचं म्हटलं अन् कोणी मुंबईचं नाव काढलं नाई, म्हणून लिहून रायलो.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉक. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज इंग्लंडहून निघून कराचीमार्गे आलेलं. पोटात १४०० टनांच्या आसपास दारूगोळा. सोन्याच्या लगडी, ३१ पेट्यांत १२४. आणि कराचीत आणखी चढवल्या कापसाच्या ८७०० गाठी. माझी सगळी हयात हिंगणघाटच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली. दारूगोळा आणि रुई एका पोटात, हे वाचलं तेव्हा मी मालकालाच वाचून दाखवलं. तो म्हणाला, असं लोडिंग करणाऱ्याला आपण गेटातसुद्धा उभं करणार नाई.

गाठीची आग कशी असते ते ज्यानं पाहिलं नाई त्याले कळत नाई. ढिगाला लागली तर भडका दिसतो, धावून जाता येते. गाठीचं तसं नाई. कापसातून एखादा खडा नाहीतर खिळा मशीनमधी गेला, ठिणगी उडाली, ती रुईत बसून प्रेसखाली दाबली गेली, तर वरून गाठ पांढरीशुभ्र. आत धुमसत रायते. गोदामात उभं राहिलं की आधी वास येतो, जळक्या चिंधीचा. मग हात लावून लावून पाहायचं, गरम कोणती लागते. पाणी मारून उपयोग नाई, दाबलेल्या रुईत पाणी शिरतच नाई, वरून वाहून जाते. गाठ ओढून मैदानात न्यायची, पट्ट्या तोडायच्या अन् उकलून विझवायची. दुसरा इलाज नाई.

आता जहाजाच्या तळाला हजारो गाठी, बाहेर ओढायला जागा नाई, धूर इतका की बूड कुठं हाय ते दिसत नाई. फायर ब्रिगेडनं जवळपास ९०० टन पाणी आत ओतलं. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट अन् अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जलपद्म नावाचं जहाज उचलून धक्क्यावर आदळलं. काचा बारा किलोमीटरवर फुटल्या म्हनतात. विझवायला गेलेले ६६ जवान जागच्या जागी गेले. म्हनून १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. आमच्या जिनातबी पाळतात, बादल्यांना लाल रंग मारतात.

उमरीची_लेक
जिनप्रेस दादा, फार छान लिहिलंत. पण सगळं खापर कापसावर फोडू नका. स्फोटक माल असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो, युद्धाच्या धामधुमीत तो नियम सुटला होता. बावटा नाही म्हणून आजूबाजूच्या जहाजांनाही ठाऊक नाही की शेजारी काय उभं आहे. आणि धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत दोन तास होते. जहाज गोदीबाहेर ओढून न्यायचं, तिथंच बुडवायचं की विझवत राहायचं, याचा निर्णय एकानंही ठामपणे घेतला नाही. हुकूम देऊ शकणारे चार आणि जबाबदारी घेणारा एकही नाही, हे चित्र आपल्याला काही नवीन नाही.

दुसरं, मृतांचा नक्की आकडा आजही कोणी देत नाही. आठशे ते तेराशे असं काहीतरी वाचायला मिळतं. गोदीतल्या रोजंदारीच्या माणसांची हजेरी कुठं होती? सोन्याच्या लगडी मात्र मोजून होत्या. त्यातल्या काही १९७० च्या दशकात गाळ काढताना सापडल्या आणि रीतसर परत गेल्या.

पुणेकर_तात्पुरता
(मूळचा पुसदचा, म्हणून हात वर करून बोलतो.) ताईंच्या मुद्द्याला जोडून: आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मग ८००० माणसं सात महिने राबली, पाच लाख टन राडारोडा काढला, तेव्हा गोद्या पुन्हा चालू झाल्या. युद्ध ऐन भरात. ब्रह्मदेशाच्या आघाडीचा माल या किनाऱ्यावर उतरायचा, म्हणून घाई. त्या राड्यात न फुटलेले गोळेही होते. घमेलं भरताना खाली काय आहे हे माहीत नसायचं.

पण पांदणरस्ता भाऊ, “जहाजं वाचवण्याच्या भानगडीत कोणी पडत नसावं” हे मात्र पटलं नाही. पर्ल हार्बरला पडले होतेच की. जपानी हल्ल्यात वेस्ट व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया या दोन अमेरिकन युद्धनौका तळाला बसल्या होत्या. त्या वर काढल्या, दुरुस्त केल्या, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधल्या सुरिगावच्या सामुद्रधुनीत जपान्यांवर तोफा डागायला हजर. ओक्लाहोमा तर पूर्ण उलटी झाली होती. किनाऱ्यावर २१ विंच (तार गुंडाळून ओढणारी यंत्रं) लावून, तारा बांधून, इंच इंच करून ती सरळ केली.

पांदणरस्ता
२१ विंच! आमच्याकडं एका चेनकुप्पीवर ट्रॅक्टर काढतात. पण ओक्लाहोमा पुढं लढली का?

पुणेकर_तात्पुरता
नाही. फार मोडली होती. भंगारात विकली आणि १९४७ मध्ये ओढून नेताना वाटेत बुडाली.

पांदणरस्ता
मग माझंच बरोबर!

पुणेकर_तात्पुरता
अजिबात नाही. एक जहाज दाखवून धागा जिंकता येत नाही भाऊ. आणि ती सरळ केली नसती तर धक्क्याची जागा अडूनच राहिली असती.

वैनगंगाकाठ
पर्ल हार्बरवरून आठवलं. तिथं पाण्याखाली जितके जीव धोक्यात होते तितकेच वर काढलेल्या जहाजांच्या आत होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये नेवाडा या जहाजावर दोन माणसं गॅसनं गेली. कोंडलेल्या खोल्यांत समुद्राचं पाणी, कागद, मांस कुजून हायड्रोजन सल्फाइड साचला होता. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येणं बंद होतं, आणि माणसाला वाटतं गॅस गेला.

हे इथं लिहायचं कारण वेगळं. दर उन्हाळ्यात आपल्याकडं पडीक विहिरीत मोटार काढायला एक उतरतो, तो पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसरा पडला म्हणून तिसरा. पेपरात एकाच घरातली नावं येतात. कंदील सोडून पाहिला, विझला नाही, म्हणून उतरले, असं सांगतात. कंदील फक्त प्राणवायू आहे का ते सांगतो. हा गॅस कंदिलाला कळत नाही. वर दोर धरणारी माणसं हवीत, कमरेला दोर हवा, आणि पडलेल्याच्या मागं उडी घ्यायची नाही.

उमरीची_लेक
हे वेगळा धागा म्हणून टाका काका. जहाजाच्या धाग्यात कोण शोधणार?

मास्तर_दिग्रस
शेजारचं उदाहरण राहूनच गेलं. बांगलादेशातलं चितगाव. १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री मुक्तिवाहिनीच्या नौकमांडोंनी चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज इथं जहाजांच्या बुडाला चुंबकी सुरुंग चिकटवले. ऑपरेशन जॅकपॉट. ही पोरं तयार केली होती आपल्या नौदलानं, प्लासीजवळ नदीकाठी. पाकिस्तानची रसद तुटावी हा हेतू, आणि तो साधला. पण डिसेंबरात देश स्वतंत्र झाला आणि तीच बुडालेली जहाजं, वर पाकिस्तान्यांनी पेरलेले पाणसुरुंग, नव्या सरकारच्या गळ्यात. धान्य आणायचं तर बंदर बंद.

सोव्हिएत नौदल आलं एप्रिल १९७२ मध्ये, रिअर अॅडमिरल झुएन्को यांच्या हाताखाली. काम १९७४ च्या जूनपर्यंत चाललं. युरी रेडकिन नावाचा तरुण खलाशी तिथंच मरण पावला. त्याची कबर पतेंग्याला आहे, कर्णफुलीच्या मुखाशी.

जिनप्रेस
म्हनजे बुडवनारेबी आपले अन् काढायची गरजबी आपल्यालेच.

मास्तर_दिग्रस
हो. पण त्या रात्री दुसरा मार्ग होता असं मला वाटत नाही.

तर्रीबाज
एक शंका. इतकं बुडवून, फोडून, शत्रूले त्रास देनाऱ्याले काय भेटते?

खारं_पाणी
पदक. १९४४ च्या जूनमध्ये अमेरिकनांनी फ्रान्समधलं शेरबुर्ग बंदर घेतलं, तोवर जर्मन अॅडमिरल हेन्नेकेनं बंदराची पार वाताहत करून ठेवली होती. हिटलरनं त्याला त्याबद्दल नाइट्स क्रॉस दिला. जूनच्या शेवटी बंदर हाती आलं, जुलैच्या मध्यावर कुठं पहिला माल उतरला, आणि तोही थोडाथोडाच.

आता पांदणरस्ताच्या प्रश्नाकडं येतो, कारण सगळे पारावरून उठून गावभर फिरून आले. गल्ली मोकळी केली की भागतं हे अर्धंच खरं. गल्लीतून आत आलेलं जहाज लावणार कुठं? धक्का नको? क्रेन नको? १ ऑक्टोबर १९४३ ला दोस्त सैन्य इटलीतल्या नेपल्समध्ये शिरलं तेव्हा धक्क्याला लागून लागून जहाजं बुडवलेली, धक्क्यावरच्या क्रेनसुद्धा पाण्यात ढकललेल्या. सगळं उपसायचं तर महिनोन्‌महिने. तिथं सफाईचं काम सलिव्हन या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याकडं होतं. बुडालेल्या बऱ्याच जहाजांना हातच लावला नाही. आडवं पडलेलं जहाज धक्क्याला चिकटून आहे ना? मग त्याच्या अंगावरून लाकडी-लोखंडी फलाट बांधायचा, पार पलीकडच्या कडेपर्यंत, आणि नवीन जहाज त्या कडेला लावायचं. बुडालेलं जहाज हाच धक्का. माल त्याच्या पाठीवरून ट्रकमध्ये. थोड्याच दिवसांत बंदर चालू झालं.

पांदणरस्ता
हे भारी आहे. म्हणजे पारावरच्या दोन्ही पार्ट्या आडव्या. ना उचललं, ना उडवलं.

पुणेकर_तात्पुरता
उडवतातही. जे वाटेत आडवं आहे आणि कामाचं नाही ते पाण्याखाली कापतात, तुकडे करतात, नाहीतर सुरुंगानं चपटं करतात. खोली मिळाल्याशी मतलब. दुसरी पार्टी अगदीच आडवी नाही.

खारं_पाणी
मान्य. पण “पहिला हात कशाला” याचं खरं उत्तर नेपल्स नाही, बेल्जियममधलं अँटवर्प आहे. ४ सप्टेंबर १९४४ ला हे प्रचंड बंदर दोस्तांच्या हाती जवळजवळ धडधाकट आलं. धक्के शाबूत, क्रेन शाबूत. तरी पहिला काफिला आत आला २८ नोव्हेंबरला! कारण बंदर आत, समुद्र बाहेर, आणि मधली शेल्ड नदी. तिच्या दोन्ही काठांवर जर्मन बसलेले आणि पात्रात सुरुंग पेरलेले. काठ जिंकायला कॅनेडियन सैन्यानं खूप माणसं गमावली, त्यानंतर सुरुंग काढायला आणखी काही आठवडे. तोवर फौजेचं पेट्रोल शेकडो किलोमीटरवरून, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याकडून, ट्रकनं येत होतं.

बुडालेलं जहाज निदान दिसतं, डोलकाठी वर असते, नाहीतर दोराला वजन बांधून खाली सोडलं की सापडतं. सुरुंग दिसत नाही. काही धक्क्यानं फुटणारे, काही जहाजाच्या चुंबकत्वावर, काही पंख्याच्या आवाजावर. त्यातले काही तर मोजणी करणारे. वरून चार जहाजं गेली तरी गप्प, पाचव्याला फुटणार. म्हणून एकदा झाडून काढलं म्हणजे झालं असं नाही, त्याच पाण्यातून पुन्हा पुन्हा फिरावं लागतं. ते होईपर्यंत पाणबुड्यांना खाली सोडता येत नाही, पंपाची बोट आत आणता येत नाही.

मास्तर_दिग्रस
चुंबकत्वावर फुटणारा सुरुंग काढायला लोखंडी बोट कशी पाठवतात? नववीतली पोरं हाच प्रश्न विचारतील, म्हणून आधीच विचारतो.

खारं_पाणी
लोखंडी पाठवत नाहीत गुरुजी. त्या युद्धात अमेरिकनांच्या छोट्या सुरुंगशोधक बोटी लाकडीच होत्या. बोट मागं लांब जाड केबल ओढते, त्यातून वीज सोडली की पाण्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. सुरुंगाला वाटतं वर मोठं जहाज आलं, आणि तो बोटीच्या बराच मागं फुटतो. आवाजावर फुटणाऱ्यांसाठी पाण्यात खडखडाट करणारं यंत्र सोडतात.

तर्रीबाज
लाकडी? मंग बल्लारशाचं सागवान नेलं असन त्याईनं.

खारं_पाणी
अमेरिकेत त्यांचीच जंगलं कमी आहेत का? पण जहाजाच्या डेकला सागवानच लागायचं, आणि चांगल्या सागाला भाव तेव्हाही होता.

वैनगंगाकाठ
विहिरीच्या गॅसचा वेगळा धागा काढलाय. मोटारी काढणाऱ्या फिटर मंडळींनी तिथं येऊन लिहा, दोर कसा बांधता ते सांगा. इथं सागवान चालू द्या.